घरात शित्झू आणण्याआधी



कुळगावहून एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी सहावीत शिकते आणि गेले वर्षभर तिने एकच हट्ट धरला आहे, घरात शित्झू कुत्रा आणायचा. समोरच्या इमारतीत एक आहे, त्याच्याशी खेळता खेळता तिला लळा लागला. ताई आणि त्यांचे यजमान दोघेही नोकरीला जातात. सकाळी साडेसातच्या गाडीसाठी घर सोडायचे ते रात्री आठला परत यायचे. घर वन बीएचके, तिसरा मजला, वर उघडी गच्ची. ‘कुत्रा एवढासा, त्याचा त्रास तो काय होणार, असे सगळे म्हणतात. तुम्हाला काय वाटते?’ असे त्यांनी विचारले आहे. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये आणि अंबरनाथलाही हाच प्रश्न चार-सहा जणांनी तोंडी विचारला. तेव्हा एकट्या ताईंना उत्तर पाठवण्याऐवजी या वेळचे सदरच या विषयाला देत आहे.

कुत्र्यांचीही फॅशन असते. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ लागला आणि त्यातला पांढराशुभ्र टफी पाहून घरोघरी पांढरी कुत्री आली. लोक त्याला पॉमेरियन म्हणत, खरा तो इंडियन स्पिट्झ. २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे चालणारा पग आला आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांची लाट आली. आता शित्झूची पाळी आहे. कोणी शिट्झू म्हणतो, कोणी शिझू. संध्याकाळी उल्हासनगरच्या गोल मैदानाच्या कडेने किंवा बदलापूरच्या कात्रप भागात चक्कर मारली तर पायापर्यंत केस लोंबणारा, डोक्यावर रबर बांधलेला हा प्राणी दिसतोच दिसतो. (त्या बांधलेल्या केसांना दुकानदार शेंडी म्हणतात. आपल्या वाचकांना तो शब्द रुचणार नाही, म्हणून आपण बुचडा म्हणू.)

काही मंडळी म्हणतील, आपल्या पत्रात कुत्र्यांचा विषय कशाला, हे श्रीमंतांचे चोचले. राजगृहात फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेला बाबासाहेबांचा कुटुंबासोबतचा फोटो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. यशवंतराव, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि त्यांच्याबरोबर बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. कुत्र्याला त्या घरात आणि त्या फोटोतही जागा होती. त्यामुळे चोचल्यांचा मुद्दा बाजूला ठेवू आणि कामाचे बोलू.

हा कुत्रा मुळात थंड मुलखातला. तिबेटातली छोटी केसाळ कुत्री चीनच्या राजवाड्यात भेट म्हणून गेली आणि तिथे त्यांची निपज होऊन शित्झू तयार झाला, असे मानले जाते. नावाचा अर्थच सिंहासारखा कुत्रा. बौद्ध देशांत सिंहाला मान, पण तिबेटात किंवा चीनच्या राजधानीत रानात सिंह कुठे पाहायला मिळणार? मग आयाळ असलेला कुत्राच घडवला. चीनची राजमाता त्सी शी हिला या कुत्र्यांचा फार शौक होता. ती १९०८ मध्ये वारली आणि राजवाड्यातली कुत्री पांगली. १९३० च्या सुमारास मोजकी कुत्री इंग्लंड आणि नॉर्वेला पोहोचली आणि आजचे जगभरातले शित्झू त्या थोड्याशा कुत्र्यांचे वंशज आहेत. याचा चुलतभाऊ ल्हासा अप्सो. तो तिबेटातल्या मठांत राहायचा आणि अनोळखी माणसाची चाहूल लागली की भुंकून जागे करायचा. दुकानात दोघांची सर्रास अदलाबदल होते. ल्हासाचे नाक थोडे लांब असते, स्वभाव सावध आणि परक्याबद्दल संशयी. शित्झूचे तोंड चपटे, डोळे मोठे, आणि परका माणूस आला की हा शेपूट हलवत पुढे जातो. चोर आला तर त्याच्याही मांडीवर बसेल. राखणीसाठी कुत्रा हवा असेल तर हे सदर इथेच वाचणे थांबवावे.

मोठा शित्झू चार ते सात किलोचा, उंची जेमतेम दहा इंच. नीट सांभाळला तर दहा वर्षे सहज जगतो, पंधरा-सोळा वर्षे जगणारेही आहेत. म्हणजे आज पिल्लू आणले तर सहावीतली मुलगी शिकून नोकरीला लागेल तोवर हे घरातच असणार. दुकानात पिल्लाकडे पाहताना हा हिशेब कोणी करत नाही.

स्वभावाने हा कुत्रा अतिशय लाघवी. त्याला शेकडो वर्षे एकाच कामासाठी वाढवले गेले, ते म्हणजे माणसाजवळ बसणे. शिकार नाही, मेंढरे हाकणे नाही, राखण नाही. त्यामुळे फार व्यायाम लागत नाही. सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटे फिरवले की पुरे. छोट्या घरात मावतो, भुंकणे बेताचे, झोपला की मात्र माणसासारखा घोरतो. हट्टी आहे. रागावून, फटका मारून काही शिकत नाही, उलट घाबरून सोफ्याखाली जाऊन बसतो. ठरलेल्या जागी शी-शू करायला शिकवायला इतर जातींपेक्षा जास्त दिवस लागतात. दर दोन-तीन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर त्याच जागी न्यायचे, केले की लगेच शाबासकी आणि एक छोटा घास, एवढाच उपाय. लादीवर घाण केल्यावर त्यात नाक घासायची आपल्याकडे रीत आहे. ती क्रूर आहे आणि तिने काही साधत नाही.

आता ताईंच्या प्रश्नाचे उत्तर. जो कुत्रा माणसाजवळ बसण्यासाठीच घडवला आहे, त्याला बंद घरात बारा तास एकटे ठेवणे ही शिक्षा आहे. असे कुत्रे दारे ओरबाडते, तासन्‌तास रडते, स्वतःचे पंजे चाटून चाटून सोलून काढते, आणि मग शेजारी तक्रार करतात. घरात आजी-आजोबा असतील, कोणी घरून शिवणकाम किंवा शिकवण्या करत असेल, मुले दुपारी घरी येत असतील तर विचार करावा. सगळेच सकाळी बाहेर पडणारे असतील तर आणू नये. २०२० च्या टाळेबंदीत सगळे घरी होते, तेव्हा वेळ घालवायला अनेकांनी पिल्ले आणली. गाड्या सुरू झाल्या, ऑफिसे उघडली आणि तीच कुत्री जड झाली. अशा कुत्र्याला रस्त्यावर सोडले तर तो जगत नाही. त्याचे केस गुंततात, डोळे बिघडतात, वस्तीतल्या कुत्र्यांपुढे त्याचा टिकाव लागत नाही. पाळलेला प्राणी असा सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हाही आहे.

ज्याला सकाळी दहा मिनिटे काढता येत नाहीत त्याने या केसांच्या वाटेला जाऊ नये. शित्झूचे केस आपल्या केसांसारखे वाढतच राहतात. घरात गळतात कमी, पण गळलेला केस अंगावरच अडकतो आणि गुंता होतो. कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत, पट्ट्याच्या खाली आधी गाठी पडतात. वरून छान दिसते आणि कातडीजवळ मात्र नमदा झालेला असतो, त्याखाली कातडी लाल होऊन चिघळते. रोज विंचरावे. अगदी कोरडे केस ओढू नयेत, हाताने थोडे पाणी शिंपडून एकेक थर वर उचलून कातडीपासून ब्रश फिरवावा, मग स्टीलचा कंगवा. गाठ असेल तर ती आंघोळीच्या आधी सोडवायची, कारण पाणी लागले की गाठ आणखी आवळते. आंघोळ दोन-तीन आठवड्यांनी पुरे, कुत्र्यांच्या शाम्पूने. आपला साबण त्यांच्या कातडीला कोरडा पडतो. आणि नंतर टॉवेल, पंखा, ड्रायर, जे असेल त्याने मुळापर्यंत वाळवणे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कपडेसुद्धा वाळत नाहीत, तिथे या केसांत ओल राहिली की बुरशी धरते.

म्हणून माझे स्पष्ट मत, आपल्या हवेत लांब केस ठेवूच नयेत. प्रदर्शनातले फोटो पाहून जमिनीवर लोळणारे केस राखायचे आणि कुत्र्याला गुदमरवायचे, यात शहाणपण नाही. दीड-दोन महिन्यांनी सगळीकडून इंचभर कापून घ्यावे, त्याला पपी कट म्हणतात. मात्र वस्तऱ्याने गुळगुळीत करू नये, उन्हाने कातडी भाजते. चाळीतल्या घरात विंचरण्याचे काम शेवटी कोणाकडे येते हे वेगळे सांगायला नको. मुलगी हट्ट करते, वडील पैसे देतात, आणि ब्रश आईच्या हातात. पिल्लू आणण्याआधीच कोणाच्या वाटणीला कोणते काम, हे कागदावर लिहून ठरवावे. गंमत म्हणून सांगत नाही.

केसांपेक्षा गंभीर गोष्ट उन्हाची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग गार करतो. चपट्या नाकाच्या कुत्र्याचा श्वासमार्ग मुळातच अरुंद, म्हणून त्याची धाप अपुरी पडते. बदलापूर-अंबरनाथचे एप्रिल-मे कसे असतात हे आपण जाणतो, पारा चाळिशी ओलांडतो आणि समुद्रवारा इथवर पोहोचत नाही. त्यात वरचा मजला, तापलेला स्लॅब किंवा पत्रा, आणि नेमकी दुपारी वीज गेलेली. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०६ च्या पुढे गेले की उष्माघात, आणि तासाभरात जीव जाऊ शकतो. जीभ गडद लाल किंवा निळसर होणे, घट्ट लाळ, झोकांड्या, उलटी ही त्याची लक्षणे. अशा वेळी सावलीत आणून साध्या गार पाण्याने पोट, काखा, पंजे भिजवावेत, पंखा लावावा, थोडे थोडे पाणी समोर ठेवावे आणि लगेच डॉक्टर गाठावा. पूर्ण बरा वाटला तरी न्यावा, कारण आतल्या इंद्रियांना झालेली इजा नंतर दिसते. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी रस्ता निवल्यावरच फिरवावे. आपला तळहात डांबरावर पाच सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. गळ्यात पट्टा बांधून ओढू नये. छातीवरून येणारा पट्टा मिळतो, तो घ्यावा. गळा आवळला की श्वास तर अडतोच, शिवाय बाहेर आलेल्या डोळ्यांवर ताण येतो.

डोळ्यांची गोष्ट अशी की ते खोबणीत पुरेसे आत नसतात. केस टोचला, मुलाचे नख लागले, मांजराने पंजा मारला की बुबुळावर जखम होते. डोळा मिटून ठेवणे, पाणी येणे, पांढरट दिसणे यापैकी काही झाले तर उद्यावर टाकू नये. घरातल्या जुन्या थेंबांच्या बाटल्या तर मुळीच वापरू नयेत, काही औषधांनी जखम वाढते. रोज उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळ्यांखालचा ओलावा टिपावा. कान लोंबते असल्याने आत हवा लागत नाही. वास आला किंवा डोके हलवत राहिला की दाखवावे. जबडा छोटा आणि दात तेवढेच, त्यामुळे दाटी होऊन लवकर किडतात. कुत्र्यांची टूथपेस्ट वेगळी असते, आपली देऊ नये.

खाणे. भाकरीचा कुस्करा आणि दूध हे आपल्याकडचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कुत्र्याचे जेवण, पण त्यावर या कुत्र्याचे भागत नाही आणि पुष्कळांना दुधाने जुलाब होतात. बिनमसाल्याचे, बिनमिठाचे उकडलेले चिकन, उकडलेले अंडे, थोडा भात, भोपळा, गाजर, दही असे चालते. रोज घरचेच द्यायचे असेल तर डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्यावे. तयार खाद्य दिले तर पाकिटावरच्या वजनाप्रमाणे मोजून, दोन वेळा. छोट्या पिल्लाला मात्र दिवसातून तीन-चार वेळा द्यावेच लागते, फार वेळ उपाशी राहिले तर साखर उतरून ते बेशुद्ध पडते. आपल्या स्वयंपाकघरात त्याला विष ठरणाऱ्या वस्तू हाताशीच असतात. कांदा-लसूण कच्चा असो की शिजलेला, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. म्हणजे आपला रस्सा बाद. मनुका आणि द्राक्षे मूत्रपिंड बिघडवतात. चॉकलेट नको. रविवारच्या मटणाची चरबी दिली तर स्वादुपिंडाला सूज येते, आणि शिजलेल्या हाडांची टोके आतड्यात रुततात. कुत्र्याला ताप वाटतो म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी अर्धी करून देणारे लोक आहेत. असे करू नये, त्यात कुत्री दगावतात.

पावसाळ्याबद्दल थोडे. २६ जुलै २००५ चा पूर आणि जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस आपण विसरलेलो नाही. उल्हास नदी फुगली की सखल भागात पाणी शिरते आणि त्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. लेप्टो त्यातून कुत्र्याला होतो आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. लसीकरणात लेप्टोची लस आहे की नाही ते कार्डावर पाहून घ्यावे. गोचीड मात्र बारा महिने असतात. केसांत दिसत नाहीत, बोटांनी चाचपून शोधावे लागतात, विशेषतः कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत. गोचिडीच्या तापाने रक्त कमी होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, कुत्रा खाणे सोडतो. वेळेवर उपचार झाले तर बरा होतो.

खर्चाचे आकडे मांडल्याशिवाय माझ्यासारख्या कारकुनाचे समाधान होत नाही. पिल्लू दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत सांगतात. पण तो खर्च एकदाच. खाद्य, केस कापणे, गोचिडीचे औषध, जंताचे औषध, वर्षाच्या लसी हे सगळे बाराने भागले तर काटकसर करूनही महिन्याला तीन-चार हजार धरावे लागतात, आजारपण वेगळे. डोळ्याची किंवा पोटाची शस्त्रक्रिया निघाली तर एका महिन्याचा पगार जातो. मोठ्या दुखण्यासाठी आपल्या भागातून लोक परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात जातात, १८८३ पासूनचे हे जनावरांचे रुग्णालय आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. पण धापा टाकणारे कुत्रे घेऊन बदलापूरहून तिथवर जायचे म्हणजे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. जवळचा डॉक्टर आधी शोधून ठेवावा, मग पिल्लू.

‘मादी घेऊ, पिल्ले विकून खर्च काढू’ ही कल्पना बऱ्याच घरांत आहे. या जातीत पिल्लांची डोकी मोठी असल्याने बाळंतपण अनेकदा अडते, सिझेरियन करावे लागते आणि नफा तिथेच संपतो. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार विक्रीसाठी पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. मादी दीड वर्षाची झाल्याखेरीज आणि आयुष्यात पाच वेतांपेक्षा जास्त पैदास करता येत नाही, आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. बाजारात मात्र महिन्याचे पिल्लू ‘दीड महिन्याचे’ म्हणून हातात ठेवतात. आईचे दूध लवकर तुटलेले असे पिल्लू पार्व्होच्या जुलाबाने आठवड्यात जाते आणि घरातली मुले रडत बसतात. पिल्लाची आई आणि ती राहते ती जागा दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नये. मादी आणलीच तर तिची नसबंदी करून घ्यावी, उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका त्याने टळतो.

विकणारे आणखी एक वाक्य हमखास टाकतात, ‘एकदम जातिवंत आहे, शुद्ध रक्ताचा, कागद आहेत.’ आपल्या घरातल्या माणसांनी हे ऐकून मान डोलवावी याचे मला नवल वाटते. रक्त शुद्ध ठेवायचे म्हणजे भाऊ-बहीण, बाप-लेक यांचीच जोडी पुन्हा पुन्हा लावायची. मूठभर कुत्र्यांपासून आलेली ही जात आहे, त्यात आणखी असे केले की मूत्रपिंडाचे, गुडघ्याच्या वाटीचे, डोळ्यांचे दोष पिढीजात होतात. कागदापेक्षा आई-बापाची तब्येत विचारावी. आणि कागद नको असतील तर गल्लीतल्या आपल्या देशी कुत्रीचे पिल्लू आहेच. आखूड केस, लांब नाक, इथल्या उन्हा-पावसात निभावणारे, आणि माया तीच. ज्यांना शित्झूच हवा त्यांनी कोणी सोडून दिलेला मोठा कुत्रा मिळतो का पाहावे. तो शी-शू शिकलेला असतो, स्वभाव कळलेला असतो, लसीचे पाहून घेतले की झाले.

सोसायटीचा प्रश्न दोन-तीन जणांनी विचारला. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या सूचनांप्रमाणे गृहनिर्माण संस्थेला ठराव करून पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण कायद्याचा कागद दाखवत शेजाऱ्यांशी भांडत राहण्यापेक्षा आपण जिन्यात पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन उतरावे. केलेली घाण आपल्या हाताने उचलावी. ज्याला भीती वाटते त्याच्यासमोर कुत्रा कडेवर घ्यावा. भाड्याच्या घरात मालकाला आधी विचारावे. परवाना लागतो का आणि त्याची फी किती, याची चौकशी उल्हासनगर महापालिकेत किंवा अंबरनाथ, कुळगाव-बदलापूर नगरपालिकेत करून ठेवावी.

पहिल्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांपर्यंत चालतात. तोवर पिल्लाला रस्त्यावर उतरवू नये. तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. घरच्या पिल्लाचा खेळता खेळता दात लागला, ओरखडा उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये, पट्टी बांधू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवावे, सोबत कुत्र्याचे लसीकरण कार्ड न्यावे. रेबीजच्या सुया आता पोटात चौदा देत नाहीत, दंडातच देतात आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.